म्हाताऱ्या माणसाचा सव्वा महिना

जून महिन्यात सोसायटीतल्या एक काकू जिन्यात भेटल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "आक्का आता अंथरुणावरच असतात ना गं?" मी म्हटलं नाही हो, आत्ता गॅलरीत गवार मोडत बसल्यात. काकूंना ते पटलं नसावं, कारण जानेवारीत त्या भेटायला आल्या होत्या तेव्हा आक्का खरंच अंथरुणावर होत्या, डायपर लावलेला होता, पाणीसुद्धा चमच्याने पाजत होतो, आणि ते बघून काकूंनी मनातल्या मनात त्यांची फाइल बंद करून टाकली होती.

आक्का म्हणजे माझ्या सासूबाई, वय ८१. आणि दोष एकट्या काकूंचा नाही, आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाच्या दोनच अवस्था असतात, एक तर 'अजून हिंडतंय-फिरतंय' नाहीतर 'आता खिळलंय'. पहिलीतून दुसरीत जायचं, की संपलं. लग्नकार्यात चौकशी करणारे पण असंच विचारतात, "चालतंय ना अजून?" त्या 'अजून'मध्ये सगळं आलं. उतरणीला लागलेली गाडी आहे, ब्रेक नाही, फक्त कधी थांबतेय तेवढं बघायचं.

मला या लेखात एवढंच म्हणायचंय की हे चित्र खोटं आहे, आणि नुसतं खोटं असतं तरी चाललं असतं, पण घरातले, डॉक्टर आणि सरकार तिघंही याच चित्रावर विसंबून निर्णय घेतात त्यामुळे ते शेवटी खरं होऊन बसतं.

अमेरिकेत कनेटिकट राज्यात न्यू हेवन नावाचं शहर आहे, येल युनिव्हर्सिटीचं गाव. तिथे थॉमस गिल या डॉक्टरांच्या टीमने १९९८ पासून सत्तरी ओलांडलेल्या ७५४ लोकांना अभ्यासात घेतलं. सगळे आपापल्या घरी राहणारे आणि सुरुवातीला चार गोष्टी स्वतःच्या स्वतः करणारे: अंघोळ, कपडे घालणं, खुर्चीतून उठणं, घरातल्या घरात चालणं. मग त्यांनी काय केलं तर दर महिन्याला या लोकांना फोन केला. दर महिन्याला! आणि वर्षानुवर्षं. आज अंघोळ स्वतः केलीत का, कुणाची मदत लागली का, मध्ये आजारी होतात का, पडलात का. ऐकायला काय साधं वाटतं, पण याआधी बहुतेक अभ्यास वर्षा-दोन वर्षांनी एकदा विचारायचे, आणि एकदा मदत लागायला लागली म्हणजे लागलीच असं धरून चालायचे.

दर महिन्याला विचारल्यावर वेगळंच दिसलं. ज्यांना या चारपैकी काहीतरी नव्याने जमेनासं झालं, त्यातले १०० पैकी ८१ जण वर्षभराच्या आत परत स्वतःच्या पायावर आले, चारही गोष्टींत. हे २००४ साली छापून आलंय. म्हणजे म्हातारपणातलं परावलंबन हा एकदिशा मार्ग नाहीये, ते येतं, जातं, परत येतं. वर्षातून एकदा विचारणाऱ्याला यातलं अर्धं दिसतच नाही, मार्चमध्ये पडलेली आणि जूनमध्ये उठलेली बाई त्याच्या कागदावर वर्षभर ठणठणीतच असते.

आता लगेच दुसरी बाजू पण सांगते, नाहीतर हा व्हॉट्सॲपवरचा 'मनात जिद्द असेल तर' टाइप फॉरवर्ड होईल आणि त्याचा मला मनापासून तिटकारा आहे. जे उठले त्यातले सगळे टिकले नाहीत, निम्म्याहून थोडे जास्त लोक निदान सहा महिने तसेच स्वावलंबी राहिले, बाकीचे त्याआधीच पुन्हा घसरले. आणि एकदा घसरलेल्याला पुढच्या वेळची भीती जास्त. याच टीमने पुढे, जे वारले त्यांचं शेवटचं वर्ष कसं गेलं तेही मांडलं (२०१० मध्ये), तर त्यात एक नाही, पाच वेगवेगळ्या वाटा निघाल्या. कुणी शेवटपर्यंत हिंडतं-फिरतं होतं, कुणी अचानक कोसळलं, कुणी हळूहळू, कुणी वर्षभर आधीपासूनच पूर्ण परावलंबी. आणि आजाराचं नाव ऐकून यातली कुठली वाट लागणार ते सांगता येत नव्हतं, अपवाद फक्त वाढलेल्या स्मृतिभ्रंशाचा. म्हणजे 'कॅन्सर म्हणजे असं होणार, हार्ट म्हणजे तसं होणार' हे जे आपण नातेवाइकांच्या घोळक्यात ठामपणे सांगतो ना, ते सोडूनच द्या.

आपल्याकडे मोजमाप नाही असं नाही. मुंबईत देवनारला आयआयपीएस ही लोकसंख्येचा अभ्यास करणारी संस्था आहे, त्यांनी २०१७-१८ मध्ये 'लासी' नावाचा मोठा सर्व्हे केला, देशभरातले पंचेचाळिशीपुढचे ७२ हजारांवर लोक. त्यात साठीपुढच्यांपैकी साधारण २४ टक्क्यांना अंघोळ-कपडे-चालणं यातलं निदान एक काम जड जात होतं, आणि स्वयंपाक, बाजारहाट, पैशाचे व्यवहार असल्या कामांत अडचण असणारे तर ४८ टक्के. मोठं काम आहे, नावं ठेवत नाही. पण तो एका दिवशी काढलेला फोटो आहे. त्या २४ टक्क्यांतले कोण वर चढतायत आणि कोण खाली उतरतायत ते फोटोत दिसत नाही, आणि आपली सगळी धोरणं, असली तर, या फोटोवर.

बरं, 'काम जड जातं' म्हणजे नक्की काय? हे मोजायची पट्टी अमेरिकेत क्लीव्हलँडला सिडनी कॅट्झ या डॉक्टरांनी १९६३ मध्ये बनवली, सहा गोष्टींची: अंघोळ, कपडे, संडासला जाणं, उठणं-बसणं, लघवी-संडासवर ताबा, जेवणं. त्यांच्या लक्षात आलं की या गोष्टी साधारण याच क्रमाने जातात, अंघोळ पहिली, जेवण शेवटी, आणि परत येताना उलट्या क्रमाने येतात, लहान मूल शिकतं तशा. आक्कांच्या बाबतीत मी हे डोळ्यांनी बघितलं, पहिल्यांदा हाताने जेवायला लागल्या, मग काठावर बसायला, मग संडासपर्यंत. पण पट्टी क्लीव्हलँडची आहे. तिथे कपडे घालणं म्हणजे बटणं आणि झिप. आमच्याकडे साडी आहे. निऱ्या काढायच्या, एका हाताने धरून दुसऱ्याने खोचायच्या, तेही तोल सांभाळून उभ्याने. म्हातारी बाई साडीवरून गाऊनवर येते तो दिवस कुठल्याच घरात कुणी लिहून ठेवत नाही, उलट "बरं झालं बाई, सुटसुटीत" म्हणतात. माझ्या मते आपल्याकडे मोजायचं असेल तर तिथून मोजा. आणि दुसरी पट्टी म्हणजे बादली. भरलेली बादली नळाखालून ओढता येते का, अर्धी येते का, की मग्गासुद्धा जड होतो.

आता हॉस्पिटलचं. डिसेंबरात आक्कांना न्यूमोनिया झाला. ॲडमिट करायला नेलं तेव्हा त्या माझा दंड धरून का होईना पण स्वतःच्या पायाने रिक्षात बसल्या. नऊ दिवसांनी परत आल्या त्या स्ट्रेचरवरून. न्यूमोनिया बरा झाला होता! एक्सरे क्लीन, ऑक्सिजन मस्त, डॉक्टर खूश. पण त्या नऊ दिवसांत त्यांना एकदाही पलंगावरून खाली उतरवलं नव्हतं. पहिल्याच रात्री डायपर लावला, का तर रात्री स्टाफ कमी असतो आणि पेशंट पडला तर जबाबदारी कुणाची. मी विचारलं की त्या घरी स्वतः जातात हो, तर सिस्टर म्हणाल्या, मॅडम, इथे रिस्क नको. त्यांचंही चूक नव्हतं एका अर्थी, दोन सिस्टर आणि अख्खा वॉर्ड. आक्का तिसऱ्या दिवशी मला कानात म्हणाल्या, "अगं, मला लंगोट का बांधलाय? मला कळतंय की."

पलंगावर पडून राहणं म्हणजे आराम असं आपल्याला वाटतं. २००७ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला, साठी-सत्तरीच्या ११ धडधाकट लोकांना नुसतं १० दिवस पलंगावर ठेवलं, आजार काही नाही. १० दिवसांत पायांचं जवळजवळ एक किलो मांस गेलं. हे निरोगी माणसाचं! त्यावर ताप, खोकला, अर्धं जेवण आणि ८१ वय चढवा. सत्तरीपुढचे जे लोक आजारपणासाठी हॉस्पिटलात जातात त्यातले तिकडे साधारण एक तृतीयांश घरी जाताना आधीपेक्षा जास्त परावलंबी होऊन जातात असं दिसलंय. म्हणजे आजार एक बरा करून दुसरा हातात देतात, फक्त त्या दुसऱ्याचं नाव डिस्चार्ज कार्डावर नसतं. आक्कांच्या कार्डावर तळाशी दोन शब्द होते, 'बेड रेस्ट'.

घरी आल्यावर काय होतं ते आता सांगते आणि इथे मी स्वतःलाच बोल लावणार आहे. घरी आल्यावर सेवा सुरू होते. मी आक्कांना अंघोळ घातली तर बारा मिनिटं लागायची. त्यांनी स्वतः केली, मी नुसती स्टुलाशेजारी उभी राहिले, तर पन्नास मिनिटं. माझं ऑफिस साडेनऊचं. तर रोज सकाळी मी काय निवडत असेन? बारा मिनिटं. आणि वर सगळे म्हणायचे सून बघा कशी करते, आईसारखं करते. मी आक्कांचं अंग चोळत होते आणि रोज त्यांच्या हातून एकेक काम काढून घेत होते. हे कुणी दुष्टपणाने करत नाही. वेळ नसतो म्हणून करतात, आणि त्या वेळेच्या टंचाईला आपण प्रेम म्हणतो. याच्या उलट जी सून म्हणेल "आक्का, मग्गा तुम्हीच उचला, मी थांबते", ती शेजारपाजारच्या लेखी कैदाशीण.

आम्हाला वळण लावलं ते फिजिओने. नवीन पास झालेली मुलगी होती, एका वेळेचे ५०० रुपये घ्यायची, आठ वेळा आली, पुढे परवडेना म्हणून बंद केलं. पण तेवढ्यात तिने तीन गोष्टी केल्या. खुर्चीतून हात न टेकता उठायला लावलं, दिवसातून पाच-पाच वेळा. प्लंबरला बोलावून न्हाणीघरात आणि संडासात स्टीलचे रॉड मारून घेतले, हजार-बाराशेत काम झालं. आणि मला सांगितलं की ताई, शनिवार-रविवार तरी अंघोळीला हात लावू नका, बसा नुसत्या. मार्चअखेर आक्का स्वतः अंघोळ करायला लागल्या, साडी मात्र एप्रिलात आली.

हे जे तिने केलं, ते बाहेर सरकारी कामाचा भाग आहे. डेन्मार्कमध्ये २०१५ मध्ये कायदाच आला की म्हाताऱ्या माणसाने घरकामाला मदतनीस मागितला तर नगरपालिकेने आधी बघायचं की थोड्या आठवड्यांच्या सरावाने हे काम त्याला परत जमू शकतं का, जमणार असेल तर आधी ते शिकवायचं. अमेरिकेत बाल्टिमोरला एक पद्धत काढली त्यात म्हाताऱ्याच्या घरी नर्स जाते, ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं परत जमवायला शिकवणारा) जातो, आणि तिसरा कोण तर सुतारकाम-दुरुस्ती करणारा माणूस! कठडा ठोकायला, उंबरा नीट करायला. मला हे फार आवडलं, गुडघ्यापेक्षा उंबरा दुरुस्त करणं पुष्कळदा सोपं असतं.

आणि आपल्याकडे? सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंत इलाज, २०२४ पासून. चांगलंच आहे. पण ते पैसे ॲडमिट होण्याचे, वर डिस्चार्जनंतर थोडे दिवस औषधं-तपासण्या. हात धरून चालवणाऱ्या माणसाचे नाहीत. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना पासष्टीपुढच्या गरिबांना काठी, कमोड खुर्ची, कमरेचा पट्टा वगैरेसाठी ३००० रुपये देते, एकदाच. जसं काही माणूस एकदाच म्हातारं होतं. अपंगत्वाच्या सवलती घ्यायच्या तर दाखल्यावर निदान ४० टक्के लागतात आणि २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत बसावं लागतं. ज्यांचे गुडघे थोडे, नजर थोडी, तोल थोडा असं सगळंच थोडं थोडं गेलंय त्यांनी कुठल्या रांगेत उभं राहायचं? त्यातून यांचं अपंगत्व जानेवारीत असतं आणि जूनमध्ये नसतं, दाखला कसा काढणार. सगळ्यात गंमत म्हणजे पेन्शनरला दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यावा लागतो. सरकार दरवर्षी न चुकता विचारतं, जिवंत आहात का. अंघोळ स्वतः करता का, हे मात्र कधीच विचारत नाही.

माझं म्हणणं असं आहे. बाळ जन्मलं की आशाताई घरी येते, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. वजन बघते, ताप बघते, आईशी बोलते. ही कल्पना बाहेरून आलेली नाही, गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून ती करून दाखवली, १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली, मग देशभर गेली. बेचाळीस दिवस म्हणजे काय? आपला सव्वा महिना आणि वर चार दिवस. बाळंतिणीचा सव्वा महिना आपल्याला कुणी समजावून सांगावा लागत नाही, तेवढे दिवस त्या बाईकडे वेगळं लक्ष द्यायचं हे घरातल्या पुरुषालासुद्धा कळतं. तसाच सव्वा महिना म्हाताऱ्या माणसाला द्या. हॉस्पिटलातून आलं, पडलं, मोठा ताप झाला की त्या दिवसापासून मोजायचा. त्याच सहा तारखांना कुणीतरी घरी यायचं आणि चार प्रश्न विचारायचे, न्यू हेवनवालेच. फरक एकच, बाळंतिणीला झोपवायचं, यांना उठवायचं.

कुणी यायचं? आशाताईंच्या डोक्यावर आधीच इतकी कामं आहेत की त्यांना अजून एक वही देऊ नका, हे मी आधीच सांगते. बाळाच्या त्या सगळ्या फेऱ्यांचे मिळून त्यांना २५० रुपये ठरवले होते, तसलं काही परत करायचं असेल तर करूच नका. वेगळं माणूस, वेगळा पगार, आणि तालुक्याला निदान एक फिजिओ जो दवाखान्यात बसून न राहता घरी जाईल. केंद्राचा वयोवृद्धांसाठीचा आरोग्य कार्यक्रम २०१०-११ पासून कागदावर आहेच, त्यात फिजिओथेरपी पण आहे. पण ज्याला उठून दवाखान्यात येता येतं त्याची निकड तशीही कमी असते.

'आपल्याकडे घरचे करतात, हे थेर अमेरिकेतले' असं म्हणणाऱ्यांनी ऑक्टोबरनंतर बीड जिल्ह्यातल्या एखाद्या गावात जाऊन बघावं. कर्ती माणसं कोयते घेऊन ऊसतोडीला गेलेली असतात, पाच-सहा महिने. घरात म्हातारी आणि शाळेतली नातवंडं. तिला तिथे सेवेने कुणी बसवून ठेवत नाही, उलट पाणी, चूल, शेरडं सगळं तीच बघते. पण ती पडली की? तो सव्वा महिना तिला कोण देणार? आमच्याकडे निदान ५०० रुपये आठ वेळा काढता आले.

आणि सगळेच उठतात असं मी म्हणत नाहीये. गिल यांच्याच टीमने पंचाहत्तरीपुढच्या १८८ अशक्त लोकांना घरी सहा महिने व्यायाम शिकवून बघितला, मध्यम अशक्त होते त्यांची घसरण कमी झाली, जे फारच खालावले होते त्यांना विशेष उपयोग झाला नाही. त्यांना सेवाच लागते, पूर्ण, बारा मिनिटांची अंघोळच लागते, आणि ती करणाऱ्या बाईला सुट्टी लागते. पण कोण कुठल्या गटात आहे हे पहिल्या आठवड्यात पलंगाकडे बघून कळत नाही, काकूंना कळलं नाही, हॉस्पिटलला कळलं नाही, मलाही कळलं नव्हतं.

हे सगळं डोक्यात असताना जुलैत आक्का परत पडल्या. ओल्या गॅलरीत, पाय सरकला. हाड मोडलं नाही, मनगट सुजलं आणि भीती बसली, भीतीचं काय करायचं ते एक्सरेत दिसत नाही. चार दिवस पलंगावरून उतरेनात, "मी नाही आता, तूच घाल अंघोळ". मी पहिले दोन दिवस घातली. मग ऑफिसात सांगून आठवडाभर अकराला जायला लागले, पगार कापला तेवढा. आज एकोणिसावा दिवस आहे. सकाळी मी दाराबाहेर स्टुलावर बसले होते, आतून बराच वेळ काहीच आवाज नाही म्हणून हाक मारली तर म्हणाल्या, "थांब गं, घाई करू नकोस." मग नळ बंद झाला आणि बादली सरकल्याचा आवाज आला. अर्धी होती. साडी अजून नाही.